चार वाजल्यानंतरचं शिवार

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याच्या शिवारात दिवसाचे दोन तुकडे पडतात. पहिला सकाळी सातच्या सुमारास सुरू होतो आणि अकरा-साडेअकराला संपतो. मग भाकरी, पाणी, बांधावरच्या लिंबाखाली घटकाभर आडवं होणं. उन्हं कलली की साडेतीन-चारला दुसरा तुकडा सुरू होतो, तो दिवस मावळेपर्यंत. हे वेळापत्रक कुठल्या कचेरीनं काढलेलं नाही. उन्हानं माणसं कशी पडतात हे पिढ्यानपिढ्या पाहिलेल्या लोकांनी ते जीव राखण्यासाठी बसवलं आहे, आणि उन्हाच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे.

अडचण अशी, की वळवाचा ढगही चारच्या सुमारासच येतो.

दख्खनच्या पठाराची काळी जमीन सकाळपासून तापत जाते. जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. त्या दिवसांत अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारे आत आलेले असतील, तर वर चढणाऱ्या त्या हवेतच ढग बांधला जातो. दुपारी दोनला क्षितिजावर दिसणारे पांढरे पुंजके चार-साडेचारपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंच होतात. तिथे पारा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली असतो. बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात आणि त्यात विद्युतभार वेगळे होतात. हलके कण धनभार घेऊन वर जातात, जड गारा ऋणभार घेऊन ढगाच्या पोटाशी राहतात. ढग ज्या जमिनीवरून सरकतो तिथे मग धनभार गोळा होऊ लागतो. झाडाच्या शेंड्यावर, लाईटच्या खांबावर आणि उघड्या रानात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरही. वरून एक प्रवाह टप्प्याटप्प्यानं खाली उतरतो, खालच्या उंच टोकांवरून बारीक प्रवाह त्याच्या दिशेनं वर जातात, आणि दोघांची गाठ पडली की वीज पडते. त्या वाटेवरची हवा क्षणभर तीस हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती हवा एकदम फुगते, तोच गडगडाट.

म्हणजे दुपारचं ऊन आणि संध्याकाळची वीज ही एकाच तापलेल्या जमिनीची दोन कामं आहेत. आपण मात्र त्यांना वेगळं काढलं. उष्माघाताची पत्रकं आरोग्य खातं काढतं, विजेची पत्रकं आपत्ती व्यवस्थापन काढतं. एक पत्रक सांगतं, दुपारी बारा ते चार उन्हात जाऊ नका, कामं संध्याकाळी करा. दुसरं सांगतं, संध्याकाळी ढग आले की रानात थांबू नका. रोजानं खुरपायला किंवा कांदे काढायला आलेल्या बाईनं दोन्ही ऐकायचं ठरवलं, तर तिच्या बुडालेल्या तासांचा रोज कोण देणार, हे कुठल्याच पत्रकात नसतं.

०००

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग अपघाती मृत्यूंचा वार्षिक अहवाल काढतो. २०२२ सालच्या अहवालात निसर्गाच्या प्रकोपानं झालेले ८,०६० मृत्यू नोंदले आहेत. त्यांतले २,८८७ विजेनं झालेले. पूर, दरड, थंडी यांतल्या कशानंही इतकी माणसं गेली नाहीत. उष्माघाताच्या रकान्यात त्या वर्षी ७३० मृत्यू आहेत. तो आकडा इतका लहान का, ते पुढे येईलच.

वीज अंगावर पडली असं आपण म्हणतो, पण वीज थेट अंगावर पडून मरणारी माणसं शंभरांत पाच-सहासुद्धा नसतात. बहुतेकांना ती आडवाटेनं गाठते. वीज झाडावर पडते. झाडाच्या ओल्या गाभ्यातून ती खाली येत असते, पण शेजारी टेकून उभा असलेला माणूस हा तिच्यासाठी झाडापेक्षा सोपा मार्ग असतो, म्हणून ती खोडावरून उडी मारून त्याच्यात शिरते. जी उरते ती मुळांशी जमिनीत उतरते आणि चहूबाजूंना पसरते. या पसरणाऱ्या प्रवाहाचा जोर झाडापासून दूर जाताना कमी कमी होत जातो. त्यामुळे दोन पाय अंतरावर ठेवून उभ्या असलेल्या माणसाच्या एका पायाखाली जास्त दाब असतो आणि दुसऱ्याखाली कमी. तेवढ्या फरकानं प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून आणखी लांब असतात, आणि त्या दोन पायांच्या मध्ये त्याचं काळीज असतं. म्हणून झाडाखाली माणसं बचावली आणि बैलजोडी जागीच गेली, किंवा मेंढपाळाचा अख्खा कळप एका लखलखाटात आडवा झाला, असं घडतं. मराठवाड्यात माळरानावर मातीचा थर हात-दीड हात असतो आणि खाली कातळ. खडकात प्रवाह सहज खोल जात नाही, वरच्या वर लांब पसरतो.

तर बांधावरचं तेच झाड. दुपारी एकला ते माणसाला वाचवतं, आणि पाचला तेच त्याला मारू शकतं. ढग गरजायला लागल्यावर माणसं झाडाकडे पळतात ती अडाणीपणानं नव्हे. दुपारभर त्याच झाडानं त्यांना सांभाळलेलं असतं आणि शिवारात दुसरा आडोसाच नसतो. झाडाखाली थांबू नका, हे सांगणं मला म्हणूनच अर्धवट वाटतं. कुठे थांबा, ते सांगता आलं पाहिजे.

विजेच्या मृत्यूंच्या बातम्या ओळीनं वाचल्या की आणखी एक गोष्ट दिसते. माणसं नुसती रानात होती म्हणून गेली असं दर वेळी नसतं. पुष्कळदा ती काहीतरी वाचवायला धावलेली असतात. काढून ठेवलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकायला. कडब्याची गंज झाकायला. वसमत-हिंगोलीकडे शिजवून वाळत घातलेली हळद गोळा करायला. ती भिजली तर रंग जातो आणि भाव पडतो. झाडाला बांधलेली म्हैस सोडून आणायला. बोअरची मोटार बंद करायला. सुट्टीतली पोरं वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या वेचायला आंब्याखाली पळतात. हे सगळं पावसाच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत होतं, जेव्हा वारा सुटलेला असतो, थेंब अजून पडलेले नसतात आणि वाटतं की अजून वेळ आहे. विजेच्या हिशेबात तोच सर्वांत वाईट वेळ. वीज पावसाची वाट पाहत नाही. ढगाच्या कडेपासून दहा किलोमीटर लांबसुद्धा ती पडू शकते, जिथे डोक्यावर अजून आभाळ निळं असतं.

म्हणून थेंबांवर भरवसा ठेवू नये, आवाजावर ठेवावा. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. तो कानावर आला याचा अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आलो. लखलखाट दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मनात आकडे मोजले आणि तीननं भागलं, तर वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. भागण्याआधीचा आकडा तीसच्या आत आला की काम टाकून पक्क्या छपराखाली जायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पाऊस उघडला म्हणून लगेच परतणारी माणसंही जातात.

पक्कं छप्पर म्हणजे भिंती असलेलं, वायरिंग आणि नळ असलेलं घर, शाळा, समाजमंदिर. काचा वर केलेली चारचाकी. एसटी सुद्धा, तिच्या पत्र्याच्या अंगावरून प्रवाह बाहेरच्या बाहेर जमिनीत जातो. मोटारसायकल आणि बिनटपाचा ट्रॅक्टर यांचा काही उपयोग नाही. चारी बाजूंनी उघडा गोठा, पत्र्याची शेड, लग्नाचा मांडव, मेंढपाळाचं पाल, यांतला कुठलाच आडोसा विजेपासून वाचवत नाही. तारेच्या कुंपणापासून लांब राहायचं, कारण लांब कुठेतरी पडलेली वीज त्या तारेवरून येते. घरात असलो तर त्या वेळेपुरती आंघोळ, धुणं आणि चार्जरला लावलेला फोन टाळायचा. नुसता खिशातला मोबाईल विजेला ओढून घेतो, ही समजूत खोटी आहे.

आणि काहीच जवळ नसेल तर? झाडापासून, खांबापासून, पाण्यापासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, चवड्यावर उकिडवं बसायचं, कान झाकायचे. जमिनीवर आडवं व्हायचं नाही. घोळक्यात असलो तर एकमेकांपासून पांगायचं. हे करून धोका थोडा कमी होतो, जात नाही. याला बचावाचा उपाय म्हणून शिकवलं, तर लोक धावून घर गाठण्याऐवजी रानातच बसून राहतील.

डोंगरावर जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेर किल्ल्याच्या समोरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडून ११ जण गेले. पावसाळी हवा बघायला, फोटो काढायला माणसं वर चढली होती. आपल्या सह्याद्रीत मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडमाथ्यावर मुक्काम टाकणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढते आहे. माथ्यावरची उघडी माची ही शिवारापेक्षा वाईट जागा. ढग दिसले की उतरणं, एवढाच तिथला नियम.

०००

महाराष्ट्रात खेडोपाडी एक समज आहे, की पायाळू माणसावर वीज पडते. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, तो विजेला आवडतो म्हणे. गडगडायला लागलं की अशा पोराला घरात कोंडतात, पायात लोखंडी कडं घालतात. पोर घरात राहतं, तेवढा फायदा होतो. तोटा मोठा आहे: बाकीचे स्वतःला सुरक्षित समजून बाहेर राहतात. आणि ज्याच्यावर वीज पडली त्याच्या मागे हे नशिबाचं बोलणं लागतं, की त्याचंच काहीतरी असेल.

दुसरा समज याहून घातक. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो असं लोकांना वाटतं. वीज अंगात साठून राहत नाही. त्याला त्याच क्षणी हात लावता येतो आणि लावलाच पाहिजे, कारण विजेनं माणूस मरतो तो बहुधा हृदय आणि श्वास थांबून. अनेकदा हृदय आपसूक पुन्हा सुरू होतं, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र बधिर झालेलं असतं. श्वास न मिळाल्यानं ते हृदय दुसऱ्यांदा थांबतं, आणि मग कायमचं. मधली काही मिनिटं हातात असतात. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीनं, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. शिकलेला माणूस असेल तर त्यानं तोंडानं श्वासही द्यावा. दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा.

बसच्या अपघातात मेल्यासारख्या दिसणाऱ्याला सोडून आधी कण्हणाऱ्याकडे जातात. विजेच्या बाबतीत डॉक्टर उलटं शिकवतात. कण्हणारा श्वास घेतो आहे, तो बहुधा वाचेल. जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी जायचं. छत्तीसगड-झारखंडकडे वीज लागलेल्याला गळ्यापर्यंत शेणात पुरल्याच्या बातम्या अजून येतात. ती माणसं ज्या मिनिटांत वाचली असती, ती मिनिटं शेण गोळा करण्यात जातात. छाती दाबायला लागणारं प्रशिक्षण एका दुपारचं आहे. अंगणवाडीताई, आशाताई, मुकादम, दूध संकलन केंद्रावरचा पोरगा, गावात असे दहा जण शिकले तरी पुष्कळ होईल.

०००

आता उन्हाकडे येतो. वीज दिसते, ऊन दिसत नाही. विजेनं मेलेल्याच्या अंगावर खूण असते, झाडाची साल सोललेली असते, चार लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. उन्हानं गेलेला म्हातारा मात्र रात्री अंथरुणात जातो, आणि कागदावर येतं हृदयविकार. मे २०१० मध्ये अहमदाबादला ४६.८ अंशांपर्यंत पारा चढला होता. नंतर संशोधकांनी त्या महिन्यातले एकूण मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. उष्माघात म्हणून नोंदवलेले नव्हेत. नेहमीपेक्षा जास्त झालेले. त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला, दक्षिण आशियातला पहिला. पाऱ्याचा अंदाज आला की रुग्णालयं, शाळा, मजूर अड्डे सगळ्यांना आधी कळवायचं, पाणपोया उघडायच्या, बागा दुपारी खुल्या ठेवायच्या, अशी साधी कामं. पुढे नागपूरनंही तो मार्ग धरला.

आपल्या घरातलं उदाहरण खारघरचं. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानावर तासन् तास बसले आणि सरकारी आकड्याप्रमाणे १४ जण गेले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा ऐकून नवल वाटतं, तिकडे ३८ म्हणजे बरा दिवस. पण हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर, सावलीत असतो. जाहीर होणारं तापमान सावलीतलं. उघड्या मैदानावर बसलेल्या माणसाला वरून ऊन आणि खालून तापलेली जमीन, दोन्हीकडून भाजतं. शिवाय ती खाडीकाठची दमट हवा. माणसाचं शरीर ३७ अंशांवर चालतं, आणि भोवतालची हवा त्याच्याजवळ पोचली की अंग थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, घाम वाळण्याचा. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि म्हणून अंग निवत नाही. हवामान खात्यानं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशाला ४० अंशांची किमान अट ठेवली आणि किनाऱ्याला ३७ ची, त्याचं कारण हेच.

नागपूर-चंद्रपूरचं ऊन कोरडं. तिथे घाम येतो तसा वाळतो, म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिथे काम करतो आणि मुंबईत करत नाही. २३ मे २०१३ ला नागपूरनं ४७.९ अंश पाहिले. तिथल्या माणसाला ऊन कळतं. डोक्याला-कानाला दुपट्टा, निघण्याआधी तांब्याभर पाणी, दुपारी पन्हं नाहीतर मठ्ठा, मे अखेरचा नवतपा लागला की लग्नकार्यंही सांभाळून. शरीरालाही उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून मे अखेरच्या ४५ अंशांपेक्षा मार्चअखेर अचानक आलेले ४१ अंश कधी कधी जास्त माणसं आजारी पाडतात. सवय न झालेले नवे मजूर बहुतेकदा पहिल्या काही दिवसांतच पडतात. मुकादमानं नव्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मंच काम दिलं, तर त्याचा जीव वाचू शकतो. कूलरबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून लहान मुलं जातात. ओल्या पायांनी, चालू कूलरमध्ये पाणी भरताना. प्लग काढल्याशिवाय टाकीला हात लावू नये आणि अर्थिंग तपासून घ्यावं.

ऊन लागणं आणि उष्माघात यांतला फरक ओळखता यायला हवा. चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, दरदरून घाम, ही पहिली पायरी. सावली, पाणी, मीठ-साखर-पाणी यानं माणूस सावरतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण माणूस बरळायला लागला, ओळख विसरला, झोकांड्या खायला लागला, तर अंगाचं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं, आणि तेव्हा वाट पाहायची नाही. अंग कोरडं पडलेलं असेल तरच उष्माघात, असं मानू नये; कामाच्या भरात पडलेला मजूर घामानं निथळत असतानाही उष्माघातात असतो. दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याला थंड करणं हाच खरा उपचार. कपडे सैल करून अंगावर बादल्या ओता, वारा घाला, मानेवर, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. शिवारात पाण्याची टाकी किंवा हौद असेल, तर डोकं वर धरून त्यात बसवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका. हा ताप आजाराचा नव्हे, त्या गोळीनं तो उतरत नाही. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही असं मानून जे दुपारी निघतात, त्यांना वाचवतं ते डोक्यावरचं ओलं फडकं आणि पोटातलं पाणी. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. त्यांच्या शरीराची थंड होण्याची ताकद त्या गोळ्यांनी कमी होऊ शकते.

०००

दोन तुकड्यांच्या त्या वेळापत्रकाचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलात मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. माणसं पहाटे अंधारात निघतात, ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी येतात, आणि दुपारभर सावलीत बसून पुडे बांधतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन देतात. मेहनतीचं, उघड्यावरचं काम पहाटे, बसून करायचं काम छपराखाली, आणि दोन्हीचे पैसे एकत्र. उन्हाच्या आणि विजेच्या दोन्ही वेळा बऱ्याचशा टळतात.

शेतातली कामं अशी का होत नाहीत? एक कारण असं, की पहाटे पाचला रानात पोचायचं तर बाईला तीनला उठावं लागतं. पाणी, भाकरी, पोरं, दावणीचं शेण, हे सगळं तिच्याच अंगावर. सकाळ लांबवा असं म्हणणाऱ्यांनी ही सकाळ कोणाच्या झोपेतून काढायची, याचंही उत्तर द्यायला हवं. दुसरं कारण लाईट. कृषिपंपांना अनेक ठिकाणी पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री वीज मिळते, आणि जो रात्रभर दारं धरून उभा राहिला तो पहाटे कामाला येत नाही. तिसरं कारण मजुरीचं. रोज हा दोन तुकड्यांचा मिळून असतो. दुसरा तुकडा ढगामुळे बुडाला की अर्ध्या रोजावरून वाद होतो. गुत्त्यानं घेतलेल्या कामात तर थांबणं म्हणजे आपलेच पैसे सोडणं. रोजगार हमीच्या कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, असं २००५ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. खाजगी शेतावर तेवढंही लिहिलेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: एप्रिल ते जून या काळात ढगामुळे थांबलेला तास भरलेला धरावा, असा ठराव ग्रामसभेनं करावा. एखाद्या संध्याकाळचा असा खर्च शेतकऱ्याला जड जातो हे मी जाणतो. लहान शेतकऱ्यासाठी तो सरकारनं उचलावा. मृत्यूनंतर वारसांना ४ लाख रुपये देण्यापेक्षा तो फार थोडा आहे.

इशारा मिळत नाही असं आता म्हणता येत नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिनं देशभर विजेचा वेध घेणारे संवेदक बसवले आणि 'दामिनी' हे ॲप काढलं. आपण उभे आहोत तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे चमकते आहे, ते त्यात दिसतं. हवामान खातंही पुढच्या तीन तासांचा इशारा जिल्ह्याच्या नावानं देतं. पण जिल्हा म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटरचा पसारा. रोज संध्याकाळी पिवळा इशारा येतो, दहातल्या नऊ दिवशी आपल्या गावावर काही होत नाही, आणि दहाव्या दिवशी तो कोणी बघत नाही. आणि खुरपणाऱ्या दहा बायकांत चांगला फोन असतो एखादीकडे, तोही घरी ठेवलेला. ॲप माझ्या मते मुकादमाच्या, दूध डेअरीच्या आणि ग्रामपंचायतीच्या फोनमध्ये हवं, आणि तिथून निरोप भोंग्यावरून शिवारभर जायला हवा. देवळाचा भोंगा पहाटे काकड्याला लागतोच. दुपारी चारला ढगासाठीही लावता येईल.

निवाऱ्याचं काय? अनेक ग्रामपंचायती वीज अटकाव यंत्र बसवतात. चांगलंच आहे, पण एक यंत्र अख्ख्या गावाला आणि शिवाराला पुरतं, असं विकणारे सांगतात, ते मानू नये. साध्या दांड्याच्या संरक्षणाचा घेर त्याच्या उंचीच्या हिशेबात असतो. शंभर-दोनशे मीटर लांबची वीज ओढून घेण्याचे दावे आपल्या देशानं स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात धरलेले नाहीत. पंचायतीच्या छपरावरचा दांडा पंचायतीची इमारत वाचवेल, दोन किलोमीटरवरची हळद गोळा करणारी बाई नाही. बांगलादेशात मे २०१६ मध्ये दोन दिवसांत ऐंशीच्या आसपास माणसं विजेनं गेली. तिथल्या सरकारनं वीज ही नैसर्गिक आपत्ती ठरवली आणि गावोगाव ताडाची झाडं लावायला घेतली, उंच झाडावर वीज पडेल आणि माणूस वाचेल म्हणून. ताड उंच व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि झाडाखाली धावणाऱ्या माणसाला ताड वाचवत नाही. मला पटतो तो उपाय साधा: दर दोन-तीन गटांमागे पाणंद रस्त्याच्या कडेला एक पक्की खोली, सळईचा स्लॅब, व्यवस्थित अर्थिंग, दोन बाकं, पाण्याचा रांजण. दुपारी तिथेच सावली, संध्याकाळी तिथेच आडोसा. मराठवाड्यात शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. गावचा मिळून एक आखाडा म्हणा.

०००

मृत्यूनंतरच्या कागदांतही ऊन आणि वीज वेगळी पडत आली आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्रानं जी बारा आपत्तींची यादी केली, तीत दुष्काळ, पूर, गारपीट, कडाक्याची थंडी, टोळधाडीसारखे कीडहल्ले होते. वीज आणि उष्णतेची लाट नव्हती. पंधराव्या वित्त आयोगानंही ती वाढवली नाही. राज्यांना निधीतला दहा टक्क्यांपर्यंत भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येत होता, आणि महाराष्ट्रानं विजेला त्यात घेतलं. म्हणून वीज पडून गेलेल्याच्या वारसांना ४ लाख रुपये मिळू लागले. २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० होते. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं. घाईनं अंत्यविधी उरकलेल्या घरांचे दावे इथेच अडकतात. हे गावात आधीच सगळ्यांना माहीत असायला हवं. वीज पडली की पोलीस पाटलाला कळवायचं, शवविच्छेदन नाकारायचं नाही, जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला घ्यायचा.

पंचनाम्यात आज लिहितात ते नाव, वय, गट क्रमांक, वीज पडल्याची वेळ. त्यात आणखी तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात अशी माझी मागणी आहे: तो माणूस त्या क्षणी कुठलं काम करत होता, त्याला कोणी कुठला इशारा दिला होता, आणि सर्वांत जवळचं पक्कं छप्पर तिथून किती मीटरवर होतं. उन्हाळ्यात रानात किंवा घरात अचानक गेलेल्या प्रत्येकाच्या कागदावरही त्या दिवसाचं तापमान आणि तो किती तास उन्हात होता, हे लिहावं. कागद तोच, तलाठी तोच, पाच मिनिटं जास्त. एका तालुक्याचे पाच वर्षांचे असे पंचनामे पुढे ठेवले, तर खोली कुठल्या पाणंदीवर बांधायची आणि भोंगा किती वाजता लावायचा, हे तहसीलदाराला तिथेच ठरवता येईल.